करंजटेंभीचे एकसष्ट शेतकरी

करंजटेंभीत माणसं दोनशे एकतीस, घरं सेहेचाळीस. हे दोन आकडे माझे आहेत आणि ते बरोबर आहेत. बाकी त्या गावाबद्दल मी जे काही लिहिलं ते कुठे ना कुठे खोडावं लागलं. आजही कुणी मला विचारलं, की तिथले लोक पोटापाण्याला काय करतात, तर मी आधी उलट विचारते, 'तुम्हाला कशाला हवंय?'

दोन हजार अकराच्या फेब्रुवारीतली गोष्ट. जनगणनेचं काम शिक्षकांच्या गळ्यात पडतं, तसं माझ्याही पडलं. करंजटेंभी हे उलव्याच्या अलीकडचं, खाडीकाठच्या टेकाडावरचं लहानसं गाव. तिथल्या जिल्हा परिषदेच्या शाळेत आम्ही दोघंच शिक्षक, महादेव गुरुजी आणि मी. मी दीड वर्षापूर्वी बदलून आले होते. राहायला खांदा कॉलनीत. रोज शेअर रिक्षाने फाट्यापर्यंत यायचं आणि पुढे वीस मिनिटं चालायचं. रस्त्याच्या एका बाजूला खाडीची तिवरं, दुसऱ्या बाजूला माणसापेक्षा उंच निळे पत्रे. पत्र्यांमागून दिवसभर यंत्रांची घरघर यायची आणि वरून लाल धूळ उडायची. मी पनवेल शहरात वाढलेली. शेत गावाच्या कुठल्या अंगाला असतं, किती लांब असतं, हे मला विचारू नका. वर्गातल्या पोराला 'बाबांना घेऊन ये' म्हटलं की पोर सांगायचं, 'बाबा शेतावर गेलाय.' मी समजायचे, असेल टेकाडाच्या पलीकडे.

गणित हा माझा विषय. चौकटीत आकडा बसला की मला बरं वाटतं आणि नाही बसला की डोकं फिरतं. हे घरी सगळ्यांना माहीत आहे. म्हणून तो जनगणनेचा लांबलचक फॉर्म मला मनापासून आवडला होता. माणूस काम काय करतो, या रकान्यात चारच आकडे. शेतकरी असेल तर एक, शेतमजूर असेल तर दोन, घरगुती उद्योग असेल तर तीन, आणि उरलेलं सगळं जग चार. काम न करणाऱ्यांसाठी शेजारी वेगळा रकाना. त्यात विद्यार्थी, घरकाम करणाऱ्या बायका, म्हातारेकोतारे. ट्रेनिंगमध्ये आम्हाला बजावलं होतं, लोक सांगतील ते लिहायचं, आपली अक्कल पाजळायची नाही. मी पाजळली नाही.

पहिलंच घर दादूचं. पस्तिशीचा गडी, अंगणात दात घासत उभा होता.

"काम काय करता?" मी विचारलं.

"शेतावर जातो."

"कुठे आहे शेत?"

"मोठ्या खाचरात."

खाचर म्हणजे बांध घातलेलं भाताचं शेत, एवढं मलाही माहीत होतं. "किती लांब?"

"ह्ये काय, चालत पाच मिन्टं."

मी लिहिलं, एक. अंतर अर्धा किलोमीटर, प्रवास पायी. इतकं सरळ उत्तर मिळालं म्हणून मी खूश झाले.

पुढच्या घरातले दोघे भाऊ चिंचेखालच्या खाचरात जात होते. त्यापुढच्या घरातले बापलेक खारीतल्या शेतावर. ज्याला विचारावं तो शेतावर. काळूराम म्हणून एक पन्नाशी उलटलेला, भरघोस मिशीचा माणूस होता. तो म्हणाला, "मी शेताची राखन करतो."

"कशापासून?"

"ढोरांपासून, मानसांपासून. कोन बी घुसतंय, बाई."

तोही एक. प्रत्येक बाप्याने आपल्या बायकोचं उत्तर स्वतःच दिलं, 'घरीच असते', आणि मी ते लिहून घेतलं.

काळूरामच्या घरामागे त्याची वहिनी राहायची, गोदूबाई. वय अडुसष्ट, नवरा जाऊन आठ वर्षं झालेली, घरात एकटी. तिच्या वतीने बोलायला कुणी बाप्या नव्हता म्हणून तिनेच उत्तर दिलं. "मी काय करनार? घरी असते." हे सांगताना ती दारातल्या दगडावर पाय घासून धूत होती आणि पायांवरून काळा चिखल निघत होता. आत कोपऱ्यात भाताची कणगी उभी होती. ती एवढी मोठी, की मला अंग चोरून आत जावं लागलं. फॉर्ममध्ये कणगीचा रकाना नाही. अंगणातल्या टोपलीत वालाच्या शेंगा होत्या. तिने ओंजळभर माझ्या पिशवीत टाकल्या.

"कुठून आणल्या?" मी विचारलं.

"बाजारातून," ती म्हणाली, आणि लगेच टोपलीवर फडकं टाकलं.

शेंगा घरी नेल्या तर आई म्हणाली, असल्या कोवळ्या शेंगा तर आपल्या बाजारात मिळत नाहीत गं. मी म्हटलं, तुला निवडून घेता येत नाहीत. आणि तो विषय मी विसरले.

अठ्ठावीस तारखेला मी फॉर्म मोजले. काम करणारे पुरुष एकसष्ट, आणि एकसष्टच्या एकसष्ट शेतकरी. 'चार'च्या रकान्यात एकही नाही. इतका स्वच्छ ताळा मी आयुष्यात पाहिला नव्हता. तो गठ्ठा घेऊन मी ताठ मानेने पनवेलला आमचे पर्यवेक्षक अवधूत सर यांच्यासमोर बसले. सर एका हायस्कुलात भूगोल शिकवायचे. शांत माणूस. त्यांनी पानं उलटली, परत उलटली आणि चष्मा काढून टेबलावर ठेवला.

"भावना मॅडम, करंजटेंभीत एकसष्ट शेतकरी?"

"हो सर."

"आणि जमीन किती आहे गावाला?"

"तो रकाना नाही, सर."

"रकाना नाही, पण डोळे आहेत ना? त्या गावाची सगळी जमीन नव्या शहरासाठी कधीचीच संपादन झालीय. लागवडीखाली शून्य. तीन वर्षांपूर्वी भरावसुद्धा झाला. तुम्ही रोज येता-जाता, त्या पत्र्यांमागे काय आहे असं वाटलं तुम्हाला?"

मला काहीच वाटलं नव्हतं, हे खरं उत्तर होतं, आणि ते देण्याची लाज वाटली. सर म्हणाले, पाच तारखेपर्यंत फेरतपासणीची मुदत आहे, परत घरोघर जा. चुकीच्या आकड्यावर एकच आडवी रेघ मारायची, वर बरोबर आकडा लिहायचा, शेजारी सही. खाली काय होतं ते वाचता आलं पाहिजे. गिचमिड नको.

दुसऱ्या दिवशी मी तणतणत गावात शिरले. दीड वर्ष ज्यांच्या पोरांना पाढे शिकवले त्या माणसांनी मला सरळसरळ मामा बनवलं होतं, अशी माझी खात्री होती. सगळ्यात आधी दादूला धरलं.

"मोठ्या खाचरात काय आहे हो?"

"काँक्रीटचा प्लॅन्ट हाय."

"आणि तुम्ही तिथे काय करता?"

"मिक्सरची गारी चालवतो."

"मग मला शेतावर जातो असं का सांगितलं?"

दादू गोंधळला. मला वाटलं होतं तो हसेल, ओशाळेल, निदान जीभ चावेल. तसं काही झालं नाही. तो खरोखर विचार करत होता. "शेतावरच जातो ना बाई," तो म्हणाला. "गारी तिथंच उभी असते."

चिंचेखालच्या खाचरातले दोघे भाऊ साइट ऑफिसवर होते, एक सामान उतरवायला, एक चहा-पाण्याला. मी धाकट्याला विचारलं, "चिंच आहे का तिथे आता?"

"नाय. कवाच तोडली."

"खाचर आहे?"

"खाचर पन नाय."

"मग चिंचेखालचं खाचर म्हणजे काय?"

"म्हंजे ती जागा," तो म्हणाला. "तुमी सांगा बाई, दुसरं काय बोलाचं तिला?"

त्या पत्र्यांवर कंपन्यांच्या पाट्या होत्या, सेक्टरचे आणि प्लॉटचे नंबर होते. पण घरातल्या माणसाला, 'प्लॉट नंबर एकशे चौदावर चाललो' असं कुणी सांगून निघत नाही. कामावर जायचं म्हणजे शेतावर जायचं, हे त्यांच्या तोंडात बसलेलं. शेत गेलं आणि तोंडातला शब्द तसाच राहिला. कुणीही खोटं बोललं नव्हतं. फक्त माझा फॉर्म खोटा झाला होता. आता रागवायचं कुणावर, हेही मला कळेना.

चार दिवस मी रेघा मारत फिरले. डंपरवाले, लोडर, हॉटेलात भांडी घासणारे, उलव्याच्या नव्या इमारतींत लिफ्टजवळ बसणारे, टेम्पोवाले. एक खोडायचा, वर चार लिहायचा, सही करायची. बायकांनाही या वेळी मी स्वतः विचारलं. तेव्हा सात जणी इमारतींत धुणीभांडी करणाऱ्या निघाल्या आणि तिघी खाडीची मासळी विकणाऱ्या. त्यांचे नवरे शेजारीच उभे होते आणि माझ्याइतकेच चकित झालेले दिसत होते. चौथ्या दिवशी दुपारी फक्त काळूराम उरला. घरी नव्हता. त्याची सून म्हणाली, शेतावर गेलेत. मी कपाळाला हात लावला आणि पत्र्यांच्या कडेने निघाले.

रस्ता खाडीकडे वळतो तिथे एक फाटक होतं. फाटकाशी प्लॅस्टिकची खुर्ची, आणि खुर्चीत निळा गणवेश घालून, गळ्यात शिट्टी अडकवून काळूराम. सिक्युरिटी! ढोरांपासून आणि माणसांपासून राखण! माझी तळपायाची आग मस्तकात गेली. मी हाक मारणार, एवढ्यात तो उठला, रस्त्यावर दोन्ही बाजूंना पाहिलं आणि फाटकापासून वीसेक पावलांवरचा एक पत्रा खालून दोन्ही हातांनी उचलला. झुडपामागून एक म्हातारी आली, वाकली आणि टोपलीसकट आत गेली. गोदूबाई. पत्रा खाली आला. काळूराम परत खुर्चीत येऊन बसला आणि त्याला मी दिसले.

तो उभा राहिला. मी काही न बोलता त्या पत्र्याशी गेले आणि उचलायला लागले. पत्रा जड होता. मग त्यानेच येऊन उचलला. "आवाज करू नका," एवढंच म्हणाला.

आत समोर भरावाची लाल भिंत उभी होती, दोन पुरुष उंच. भिंत आणि जुना बांध यांच्यामध्ये एक तिरपा कोपरा राहून गेला होता. डंपर वळू शकत नाहीत इतका अरुंद. दहाएक गुंठे असेल, हे मला नंतर काळूरामने सांगितलं. त्या कोपऱ्यात वाल होता. कापलेल्या भाताची धसकटं अजून जमिनीत होती आणि त्यांच्यामधून हिरवेगार वेल पसरले होते, शेंगांनी लगडलेले. गोदूबाई उकिडवी बसून शेंगा खुडत होती. ती इतकी भरभर खुडत होती, की तिचे हात वेगळे आणि ती वेगळी असं वाटत होतं. मला पाहिलं आणि हात थांबले.

तिची नजर माझ्या तोंडाकडे नव्हती. काखेतल्या फॉर्मच्या गठ्ठ्याकडे होती.

"बाई, लिवू नका," ती म्हणाली.

काळूराम मागे येऊन उभा राहिला होता. "मी काय खोटं बोललो?" तो हळूच म्हणाला. "शेताची राखन करतो बोललो. आमचंच खाचर हाय ह्ये, दादाच्या वाटनीचं. साहेब लोक वरच्या रस्त्यानं येतान, वरूनच जातान. ह्यो कोपरा त्यांना म्हाईत नाय. मना पगार हाय तो मानसांना आत नाय सोडाचं म्हनून. मी येकीला सोडतो."

म्हणजे त्याला चार लिहायचं की एक, हा प्रश्न माझ्या डोक्यात आला, आणि त्या जागी तो प्रश्न आला याची मला लाजही वाटली. काम त्याचं एकच, पगारही एकच, आणि राखण दोन्हीकडची.

"कुणाला कळलं तर काय होईल?" मी विचारलं. विचारून मीच पस्तावले.

गोदूबाईने सांगितलं. दोन वर्षांपूर्वी पलीकडच्या अंगाला गुणाबाईचं असंच भात उभं होतं, फुलोऱ्यात आलेलं. कागद घेऊन दोन माणसं आली. चांगली माणसं. तिने त्यांना पाणी दिलं. त्यांनी विचारलं, काय पेरता, किती होतं, आणि फोटो काढला. चौथ्या दिवशी जेसीबी आला. "त्यानंतर गुनाबाय घरात बसली ती बसलीच," गोदूबाई म्हणाली. "आता जेवन सुदीक लेकानं हातात दिलं तर."

"माझ्या कागदाचं तसं नाही," मी म्हटलं. "यातलं नाव गुप्त राहतं. कुणाला दाखवत नाहीत. फक्त आकडा वर जातो."

"आकडा किती?"

"गावात शेती करणारे किती, तो. आता बाकीचे सगळे खोडले. तुम्ही एक."

तिने हातातल्या शेंगा टोपलीत टाकल्या. मग म्हणाली, "येकाला नाव कशाला लागतंय, बाई?"

पाचवीच्या मुलांना मी गणित शिकवते आणि हे माझ्या लक्षात आलं नव्हतं. एकसष्टांत ती लपली असती. एकात लपायला जागाच नव्हती.

"मागं काय लिवलंय मांज्यावर?" तिने विचारलं.

"घरकाम."

ती हसली. दात कमी होते, पण हसू मोठं होतं. "धा वर्सामागं बी एक सर आलं व्हतं. तवा आमचं भात व्हतं, दोन येकर. धनी दम्यानं खाटंवर. लावनी मी करी, झोडनी मी करी. सरांनी धन्याला इचारलं. धन्याला लिवलं शेतकरी, मना लिवलं घरकाम. मी तिथंच उभी व्हते, सूप घेऊन." ती परत शेंगा खुडायला लागली. "तवा गावभर शेती व्हती तरी मी नाय. आता येकली मीच हाय, तर लिवता येत नाय. गंमतच हाय ना?"

मला गंमत वाटली नाही. मला रडू आलं आणि त्याचा रागही आला. रडण्यासारखं काय होतं? रकाना तर भरलेला होता. 'घरकाम' तसंच ठेवायचं आणि निघायचं, एवढंच माझं काम. काळूरामच्या एकावर रेघ मारून मी चार लिहिलं, सही केली आणि पत्र्याखालून बाहेर आले. पण घरी पोचेपर्यंत माझं मलाच कळेना. खरं लिहावं तर तिचं शेत जाणार. तिचं शेत वाचवावं तर दहा वर्षांपूर्वीच्या त्या सरांनी जे केलं तेच मी करणार, आणि तेही डोळ्यांनी बघून. आईला विचारलं. आई म्हणाली, तुला कुणी सांगितलं होतं पत्र्याखाली शिरायला?

पाच तारीख, शेवटचा दिवस. मी रिक्षातून फाट्यावर उतरले तर गोदूबाई तिथे उभी. डोक्यावरून पदर, पायात चपला. तिला चपला घातलेली मी पहिल्यांदा पाहत होते.

"लिवा," ती म्हणाली.

"काय?"

"मी शेती करते म्हनून लिवा. काल समदा इचार केला. मांजी सासू लावनीतच मेली, तिचं नाव कंच्या कागदावर नाय. मांजं नाय. तो कोपरा आज ना उद्या जानारच हाय, कोन ठेवतंय? पन त्याच्या आदी कुटं तरी लिवलेलं असू दे."

"आणि काळूराम? त्याची नोकरी?"

"त्याला बोलले. तो बोलला, वयनी, शेत तुजं हाय, तू सांग."

मी तिथेच मैलाच्या दगडावर बसले. मांडीवर फॉर्म ठेवला, 'घरकाम'च्या आकड्यावर रेघ मारली आणि कामाच्या रकान्यात इंग्रजी एक लिहिला. सही केली. ती माझ्या पेनाच्या टोकाकडे बघत वाकून उभी होती. तिला वाचता येत नव्हतं.

"ही उभी रेघ म्हंजे मी?" तिने विचारलं.

"हो."

तिने बोट पुढे केलं, पण कागदाला लावलं नाही. चिखलाचं असेल म्हणून साडीला पुसलं आणि तसंच मागे घेतलं. मग परत गावाकडे चालू लागली.

दुपारी मी अवधूत सरांसमोर बसले. ते प्रत्येक रेघ, प्रत्येक सही तपासत होते आणि खूश होते. "छान. आता पटतंय," ते म्हणाले. शेवटच्या पानांवर आल्यावर त्यांचं बोट थांबलं. "हे एक राहिलं बघा खोडायचं."

"राहिलं नाही, सर. ते बरोबर आहे."

"स्त्री, अडुसष्ट, शेतकरी?"

"हो. ती शेती करते."

"कुठे?"

त्यांनी पेन उघडलं. ते वाईट माणूस नव्हते, हे मी आजही सांगेन. आवाज चढवला नाही की चेष्टा केली नाही. म्हणाले, "करत असेल तर लिहू की. फक्त शेरा लिहावा लागेल. रेकॉर्डला जमीन शून्य आणि शेतकरी एक, हे वर विचारणार. जागा सांगा, कुठल्या प्लॉटच्या जवळ, तेवढं लिहून मी तहसीलला कळवतो. ते बघून घेतील." आणि पेन कागदावर टेकवून माझ्याकडे पाहत राहिले.

मला जागा माहीत होती. फाटकापासून वीस पावलं. पत्र्याला खालून गंज चढलाय, उचलताना बोटांना लागतो. मी सांगितलं असतं तर ती उभी रेघ राहिली असती आणि चौथ्या दिवशी जेसीबी आला असता. सांगितलं नाही तर शेंगा राहणार होत्या, आणि ती नाही. तिने लिहा म्हणून सांगितलं होतं. पण कुठे ते सांगा, असं ती म्हणाली नव्हती. की तेही त्यात आलंच? तेव्हाही मला ठरवता आलं नाही, आजही येत नाही. सरांचं पेन टेकलेलं होतं आणि त्याखाली शाईचा ठिपका वाढत होता.

"चूक झाली, सर," मी म्हटलं.

"होतं असं. इतके खोडताना एखादं राहायचंच," ते म्हणाले आणि फॉर्म माझ्याकडे सरकवला. मी एकावर आडवी रेघ मारली, घरकामाचा आकडा परत लिहिला, सही केली. सही वाकडी आली. सरांनी चहा मागवला. मी तो पूर्ण प्यायले.

सोमवारी मी शाळेच्या वेळेआधी फाटकाशी गेले. काळूरामने काही विचारलं नाही, पत्रा उचलला. गोदूबाई बांधावर बसून शेंगा निवडत होती, कोवळ्या एकीकडे, जून एकीकडे.

"गेला कागद?" तिने विचारलं.

रिक्षात मी ठरवून आले होते, की नुसतं 'गेला' म्हणायचं. तिला कुठे कळणार होतं? पण तिच्यासमोर बसल्यावर ते जमलं नाही. मी सगळं सांगितलं. सरांनी जागा विचारली, मी सांगितली नाही, आणि मग माझ्याच हाताने खोडलं.

तिचे हात थांबले. तिने भरावाच्या भिंतीकडे पाहिलं. वर एक डंपर रिकामा झाला आणि त्याची माती घरंगळत बांधापर्यंत आली.

"तुमी जागा नाय सांगितली," ती म्हणाली.

"नाही."

"कशी खोडली?"

"आडवी रेघ मारून."

"खालची उभी दिसते का?"

मला सरांची सूचना आठवली. खाली काय होतं ते वाचता आलं पाहिजे. "दिसते," मी म्हटलं. "स्पष्ट दिसते."

"मंग हाय ती," गोदूबाई म्हणाली, आणि सुपातल्या कोवळ्या शेंगा माझ्या ओढणीत ओतल्या, मी पुरे म्हणेपर्यंत आणि नंतरही. मग मोठ्याने म्हणाली, "काळू, पत्रा उचल, बाईंना उशीर व्हतोय."

शाळेत पोचले तेव्हा प्रार्थना होऊन गेली होती. महादेव गुरुजी हजेरीपट घेऊन दारात उभे होते. त्यांनी माझी चिखलाची चप्पल पाहिली, ओढणीचं गाठोडं पाहिलं.

"काय बाई, आज उशीर? कुठे गेला होतात?"

"शेतावर," मी म्हणाले आणि वर्गात गेले.